शेजारची वाटी

"आणि तुझ्या आईला कोण उचलणार?"

नकाशा गुंडाळता गुंडाळता रायगोंडा थांबला. त्याला रागच आला. इतका वेळ तो मठातल्या अप्पास्वामींना तोंड दुखेपर्यंत सांगत होता. नदी गावात शिरली की नाव कुठून सोडायची, जनावरं कोणत्या माळावर न्यायची, भोंगा कुणी वाजवायचा, पाणी ओसरल्यावर चिखल आधी कुणाच्या घरातला काढायचा. आणि त्याची खरी करामत म्हणजे, ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, त्याला भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्यानं उचलायचं. ग्रामसभेनं टाळ्या वाजवल्या होत्या. स्वामी मात्र चुलीवरचं दूध उतरवत बसले होते.

"आईला? मी हाय की."

"तू तर नावेवर."

"मग... बघू कायतरी."

"तुझ्या भिंतीला भिंत कुणाची?"

रायगोंडानं नकाशाची सुरळी घट्ट आवळली.

भिंत सातगोंडाची होती. मागच्या पुरात गावात एकच नाव होती आणि रायगोंडानं ती आधी आपल्या दारात लावून घेतली. तेवढ्यात सातगोंडाची म्हैस दावणीलाच बुडाली. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. चूक आपली, हे रायगोंडाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो त्या दाराकडं बघतसुद्धा नव्हता. माणसाचं असंच असतं.

"नकाशा झकास झालाय," स्वामी म्हणाले. "आता एक काम कर. दुधाला विरजण नाही, तेवढं घेऊन ये."

"हे आणलं. आमच्या घरात..."

"तुझ्या घरातलं नको. सातगोंडाकडचं आण."

"अप्पा, तेवढं सोडून काय पण सांगा!"

स्वामींनी दुधावर झाकण ठेवलं.

दिवस कलला तेव्हा रायगोंडा सातगोंडाच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. सभेत खणखणीत बोलणारा माणूस, पण इथं नुसताच खाकरला. कट्ट्यावर सातगोंडा दावं वळत बसला होता. त्याचे हात थांबले. मान काही वर झाली नाही.

"वैनी... जरा विरजण पाहिजे होतं."

सातगोंडाची बायको गंगव्वा दारात आली. तिनं त्याच्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं.

सातगोंडा दाव्याकडंच बघत म्हणाला, "दे."

तिनं पितळी वाटी रायगोंडाच्या हातात ठेवली. तो वळला, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला.

"आक्कांचं दुखणं कसं हाय?"

"आई हाय तशीच हाय," तो कसंबसं म्हणाला. त्याला रडूच आलं. वाटी सांभाळत तो भराभरा चालू लागला.

मठात स्वामींनी थेंबभर विरजण दुधात घातलं आणि उरलेलं दुसऱ्या भांड्यात काढून ठेवलं. मग वाटी राखेनं घासली, धुतली, पंच्यानं पुसली. रायगोंडा बघत राहिला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटत होतं.

"झालं न्हवं, अप्पा? आता नकाशात शेजारी म्हणून सातगोंडाचं नाव घालू?"

स्वामींनी वाटी त्याच्या हातात दिली.

"रिकामी परत नेऊ नकोस."