तयार ट्यूनिंग आणि अब्बांची कवळी

साताऱ्याच्या बाईक क्लबचे अध्यक्ष अप्पासाहेब ढमढेरे बोलायला लागले, की समोरच्याने फक्त मान हलवायची. त्यांनी हौसेने गाडीला फटफटणारा सायलेन्सर बसवला आणि गाडी घाटात आचके द्यायला लागली. गॅरेजवाली शमा म्हणाली, "इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग याच गाडीवर बसून, तिच्या मापाने करावं लागेल. तीन दिवस ठेवा."

"तीन दिवस?" अप्पासाहेब कडाडले. "बाजारात तयार ट्यूनिंगची फाइल मिळते, तीच टाक! मॉडेल एक, इंजिन एक, मग माझ्या गाडीला काय शिंगं फुटलीत? नाहीतर क्लबची एक गाडी इथे दिसणार नाही!"

ओरडताना त्यांची नवीकोरी कवळी लखलखत होती. शमाने फळीवरचा पाण्याचा ग्लास उचलून त्यांच्यापुढे धरला. आत मागच्या खोलीत झोपलेल्या तिच्या अब्बांची कवळी होती.

"साहेब, तुमची काढा आणि आज ही लावा. दात हिलाही तेवढेच आहेत."

अप्पासाहेबांनी ओठ गच्च मिटले. मग तोंडावर धरलेल्या रुमालाआडून त्यांचा आवाज आला, "माझी नीट बसवायला डॉक्टरने पंधरा दिवस घेतले होते."

"मी तीनच मागतेय," शमा म्हणाली आणि तिने किल्लीसाठी हात पुढे केला.