एकशे अठरा काय?

“पण बाई, आकडा समोर दिसतोय. मग अजून मोजायचं काय राहिलं?”

मधुजानं लॅपटॉप आवटीबाईंपुढे सरकवला. प्रकाशमापन शिकवण्यात बाईंचा जन्म गेलेला. मधुजा त्यांची लाडकी विद्यार्थिनी. आपलं काम बघून बाई खूश होतील, या खात्रीनं तिनंच त्यांना हट्टानं या डोंगरावरच्या मठात आणलं होतं.

मठाचं चित्रदालन अकरा वर्षं कुलपात होतं. रंग विटतील म्हणून आत दिवे लावायला बंदी. नुसत्या खिडकीच्या उजेडात चित्रं दिसतात, हे कुणी मोजून दाखवलं तर विश्वस्त दार उघडणार होते. बाहेर पायऱ्यांवर गावकरी येऊन बसलेच होते.

“एकशे अठरा,” मधुजा म्हणाली. “फोटोत भिंत एवढी उजळ आहे.”

“एकशे अठरा काय?”

“म्हणजे… शून्य काळं, दोनशे पंचावन्न पांढरं. त्यातले एकशे अठरा.”

बाई उठल्या, खिडकीचं एक दार लावून घेतलं. दालन निम्मं अंधारलं.

“आता काढ फोटो.”

मधुजानं काढला. आकडा बघितला. डोळे चोळून पुन्हा बघितला.

एकशे अठरा.

“कॅमेऱ्यानं उजेड कमी बघून स्वतःच डोळा जास्त उघडला…” मधुजा पुटपुटली.

तिचे कान तापले. दोन आठवड्यांची मेहनत! बाईंकडे बघायचा धीर होईना. बघितलं, तर त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग मधुजालाही हसू आवरेना.

दोघी कामाला लागल्या. खिडकी पुन्हा सताड उघडली. मधुजानं कॅमेऱ्याची आपोआप उजेड जुळवणारी सगळी हुशारी बंद केली. त्यानं सजवायच्या आधीचे कच्चे आकडे घ्यायचे ठरवले. बाईंनी भिंतीला पांढरा पुठ्ठा टेकवला, पिशवीतून प्रकाशमापक काढला आणि पुठ्ठ्यावर रोखला.

“ऐंशी कँडेला, म्हणजे ऐंशी मेणबत्त्यांएवढा उजेड, चौरस मीटरला.”

“फोटोत पुठ्ठ्याचा आकडा आठ हजार,” मधुजा ओरडलीच. “म्हणजे शंभराला एक! भिंतीचे दोन हजार, म्हणजे खरे वीस. सगळ्यात काळोखा कोपरा, नऊ… बाई, नऊमध्ये रंग दिसतात!”

“दिसतात की. डोळ्याला रंग ओळखायला तीनही पुरतात.”

विश्वस्तांनी आकडे बघितले आणि तासाभरात दार उघडलं. माणसं आत लोटली. एका आजोबांना छताजवळचा निळा हत्ती सापडला आणि त्यांनी हाका मारमारून सगळं गाव त्याच्याखाली गोळा केलं.

मधुजा बाईंजवळ येऊन उभी राहिली.

“बाई, पुठ्ठ्याचा आकडा मापकानं सांगितला. मापक खरं बोलतं, हे कुणी सांगितलं?”

“प्रयोगशाळेतल्या, उजेड मापून ठेवलेल्या दिव्यानं.”

“आणि त्या दिव्याचं?”

“त्याच्या आधीच्या दिव्यानं.”

“मग सगळ्यात पहिला…?”

बाई हत्तीकडे बघत होत्या.

“माणसं एकत्र बसली, एक मेणबत्ती पेटवली, आणि म्हणाली… ही एक.”