मफलरचा लाल

"पण बाई, लाल मेला की नाही, तेवढंच सांगा की!"

पुष्करनं लॅपटॉप उत्तरेच्या खिडकीत ठेवला होता. कुमुदबाई रंग बघत त्या याच खिडकीत, आणि तेही सकाळीच. दिव्याच्या उजेडात रंग बघणं म्हणजे नाक दाबून आमटी चाखणं, असं त्या म्हणत.

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"कुणाचा लाल?"

"मफलरचा."

बाई सांगलीच्या एका कलाशाळेत जन्मभर रंग शिकवून आता घरी बसल्या होत्या. बसल्या होत्या हे आपलं म्हणायला. जुने विद्यार्थी बसू देतील तर ना! पुष्कर त्यांच्या शेवटच्या तुकडीतला. बाईंचा लाडका. ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तिथंच सगळं बिनसलं होतं.

मफलर होता एका जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या मुलीचा. समुद्रकाठचं गाव, दीपस्तंभावर राहणारी दोन भावंडं. बहिणीच्या गळ्यात लाल मफलर, भावाच्या अंगात मोरपंखी रेनकोट. ही मालिका डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या पोरापोरींचं सांगलीत एक मंडळ होतं. मालिकेचा दुसरा भाग आला आणि मंडळात जुंपली.

कुणी म्हणे रंग उतरला, स्टुडिओनं हात आखडता घेतला. कुणी म्हणे, अरे तीच तर कला आहे. कुणी म्हणे, आधी आपापल्या मोबाइलची काच पुसा, मग बोला. पण ऐकायला कुणालाच सवड नव्हती. जो तो आपलंच घोडं पुढं दामटत होता, आणि सगळ्यांत पुढं घोडं होतं पुष्करचं.

रविवारी मंडळाचा मेळावा होता. तिथं पुष्करचं भाषण ठरलं होतं. विषय, 'लाल कसा मेला'.

"तुमचा एक शब्द मिळाला की झालं, बाई. मग कुणाची बोलायची छाती नाही."

बाई लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिल्या. डावीकडे पहिल्या भागातलं चित्र, उजवीकडे दुसऱ्या भागातलं. डावीकडे भावंडं जिन्यात खेटून बसलेली. उजवीकडे बंदरातला संध्याकाळचा धक्का, तांबूस आभाळ, तांबूस पाणी. डावीकडचा मफलर पेटलेला, उजवीकडचा विझलेला. शेंबड्या पोरालाही कळावं इतका फरक होता.

"समोर कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"कुठं?"

"वादात."

"आहे एक जण..."

"नाव असेल की त्याला."

"सन्मती."

बाईंनी मान वर केली. सन्मती मगदूमला त्या ओळखत होत्या. तो काही त्यांचा विद्यार्थी नव्हता. कलाशाळा सुटायच्या वेळेला पुष्करला न्यायला फाटकाशी मोटारसायकल घेऊन उभा असायचा, तो. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. एकाच्या घरी पोहे झाले की दुसऱ्याच्या घरी वास जायचा आणि पाठोपाठ पोरगाही यायचा.

"त्याला का नाही आणलंस?"

"तो बोलत नाही माझ्याशी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून..."

हे सांगताना पुष्करनं नजर चुकवली. यंदाही सन्मतीच्या आईनं चकल्यांचा डबा धाडला होता. पण घेऊन आली ती सन्मतीची बहीण. पुष्करनं तो डबा उघडला खरा, पण तसाच झाकून ठेवला होता.

"त्याचं म्हणणं काय?"

"दोन्ही लाल एकच आहेत म्हणतो! संगणकावर रंगाला टिचकी मारली की त्याचा आकडा येतो ना, तो म्हणे दोन्ही चित्रांत सारखा आला. मी म्हटलं, आकड्यानं रंग कळत नाही, त्याला डोळा लागतो. तुम्हीच शिकवलंय, बाई."

"शिकवलंय."

"बघा!"

"तुझ्यासाठी शिकवलं होतं. दुसऱ्याच्या टाळक्यात हाणायला नव्हे."

बाई उठल्या. कपाटातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. राखाडी पुठ्ठा, मधोमध वाटाण्याएवढं भोक. विद्यार्थी त्याला 'बाईंची खिडकी' म्हणत. पहिल्या वर्षी सगळे त्यातून बघत. दुसऱ्या वर्षी सगळ्यांना वाटे, आता आपल्याला त्याची गरज नाही.

"धर."

त्यानं पुठ्ठा डावीकडच्या मफलरवर धरला. भावंडं झाकली गेली, जिना झाकला गेला. भोकात उरला नुसता लाल.

"कसा आहे?"

पुष्करनं डोळे बारीक केले. विटकरी. जरा मळकाच. पेटलेला तर मुळीच नाही.

"आता पलीकडं."

पुठ्ठा उजवीकडे सरकला.

विटकरी. जरा मळकाच.

त्यानं पुठ्ठा परत डावीकडे नेला, परत उजवीकडे, परत डावीकडे. बाहेर रस्त्यावरून मेथीवाली ओरडत गेली.

"एकच आहे..." तो शेवटी म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"मग मेलं कोण?"

बाईंनी आपल्या पदराचं टोक उचललं. अंगावरची सुती साडी मोरपंखी होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. त्यांनी पदर पडद्याला लावला, उजवीकडच्या मफलरच्या अगदी शेजारी.

मफलर पेटला.

पदर काढला. विझला.

"भाऊ कुठं गेला हिचा?"

"बोटीवर. दुसऱ्या भागात तो नाहीच. ही एकटीच रोज धक्क्यावर येऊन..."

वाक्य तिथंच राहिलं. इतकी चित्रं जमवली, इतक्या जणांशी भांडला, आणि कळसा होता काखेतच. मफलर नव्हता बदलला. त्याच्या शेजारचा मोरपंखी उठून गेला होता.

क्षणभर पुष्करचा चेहरा पडला. मग लगेच उजळला.

"म्हणजे मुद्दाम केलंय त्यांनी! भारीच की, बाई! रविवारी मी हेच सांगतो. तुमचा पुठ्ठा द्या मला, सगळ्यांना एकेक करून दाखवतो, मग बघा कसे..."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. घडा पालथाच होता.

"म्हणजे सन्मती बरोबर होता," त्या म्हणाल्या.

"हो, पण त्याला कारण कुठं माहीत होतं? नुसता आकडा बघितला त्यानं."

"डोळ्यानं का नाही बघितलं?"

पुष्करचा हात पुठ्ठ्यावरच थांबला.

"त्याला..."

बाई थांबल्या. त्या थांबल्या की समोरच्याला बोलावंच लागे.

"त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. जन्मापासून. त्याच्या घरच्यांना माहीत होतं, अन् मला."

"होतं?"

पुष्कर पुठ्ठा उलटासुलटा करू लागला.

"पुष्कर."

"आता सगळ्यांना माहीत आहे."

मग त्यानं सांगितलं. मंडळाचा मोबाइलवर गट होता. दिवाळीच्या आदल्या दिवशी सन्मतीनं तिथं ते दोन आकडे टाकले, खाली लिहिलं, 'हे बघ, सारखेच आहेत.' बस्स, एवढंच. आणि पुष्करनं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्यानं लिहिलं, 'सिग्नलचा दिवा वरचा लागलाय की खालचा, हे बघून ज्याला गाडी थांबवावी लागते, त्यानं आम्हाला रंग शिकवू नयेत.'

लोक खूप हसले. हसणारे पिवळे चेहरे पटापट खाली उमटत गेले. सन्मतीनं उलट शब्द लिहिला नाही. तो गटातून निघून गेला.

"मी चेष्टेत लिहिलं होतं, बाई."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर पुष्करला बरं वाटलं असतं.

त्यांनी पडद्यावरच्या मफलरवर बोट ठेवलं.

"हा लाल कसला?"

"पावसानं भिजलेल्या कौलाचा," तो तत्काळ म्हणाला. "वरून गार पडलेलं, पण आत अजून ऊन असलेलं."

"असं सांगायला कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही."

"मी नाही." बाई हसल्या. "पहिल्या दिवशी वर्गात मी एक फडकं दाखवलं होतं. आठवतंय? विचारलं, कुठला रंग? सगळा वर्ग म्हणाला, लाल. तू म्हणालास, 'डाळिंब फोडल्यावर बोटांना लागतो तो.' तेव्हाच माझ्या मनात आलं, या पोराला कुणीतरी आधीच तयार करून धाडलंय. कोण ते काही मला कळलं नाही."

पुष्करला मगदुमांची बाहेरची खोली दिसत होती. जमिनीवर चटई, मधे चुरमुऱ्यांची परात, समोर जुना टीव्ही. दोघं पालथे पडून कार्टून बघायचे आणि सन्मती सारखा कोपरानं ढोसायचा. "आता कसला?" "लाल." "लाल म्हणजे कसला? मला कळेल असं सांग ना." मग पुष्कर पुन्हा नीट बघायचा आणि शब्द शोधायचा. तव्यावरून उतरल्यावरही चटका देणारा. लिमलेटच्या गोळीसारखा, गालात धरून ठेवावासा वाटणारा. सन्मती डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "हां, आता दिसला." चित्र पुढं सरकलं की पुन्हा कोपर, पुन्हा "आता कसला?" वर्षानुवर्षं. पुढं दोघं मोठे झाले, मफलरची मालिका आली, तिचा पहिला भाग त्यांनी असाच चटईवर बघितला.

दुसरा भाग पुष्करनं एकट्यानं बघितला होता. एकट्यानं, कानात इअरफोनची बोंडं घालून, गटात टाकण्यासाठी चुका वेचत.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या डोळ्याचा त्याला एवढा तोरा होता, तो डोळा त्याला कोपराच्या ढोसण्यांनी मिळाला होता. आणि ढोसणाऱ्यालाच त्यानं चारचौघांत आंधळा ठरवलं होतं.

बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. तो गटागटा प्यायला.

"रविवारी काय बोलणार मग?"

"माफी मागतो त्याची. स्टेजवरून, सगळ्यांसमोर."

"म्हणजे सगळ्यांसमोर त्याला पुन्हा उभं करणार. भाषण तुझं शोभून दिसेल. त्याचं काय?"

पुष्करनं मान खाली घातली. बराच वेळ तो पुठ्ठ्याच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. अंगणातलं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

"घरी जातो त्याच्या," तो म्हणाला. "आत्ता जातो. माफी मागतो, ते मला जमेल. तो देईलसुद्धा, तो तसाच आहे. पण..."

"पण काय?"

"पूर्वीसारखं कोपर मारून 'आता कसला' म्हणून तो मला आता कधीच विचारणार नाही, बाई."

बाईंनी लॅपटॉप मिटून त्याच्या हातात दिला.

"मग तू विचार. त्याला कसा दिसतो ते."