पुराची रेघ

भोईवाड्याला नोटीस आली होती : पुराचा धोका आहे, घरं सोडा. घरांखालच्या घाटालाच पर्यटकांच्या हाउसबोटी लावायच्या होत्या.

दर पुरानंतर भोई घाटावर पाणी चढलं तिथवर चुन्याची रेघ ओढत. एकही रेघ घरांपर्यंत पोचली नव्हती. सुनावणीत साहेब म्हणाले, “चुना म्हणजे पुरावा नव्हे.”

भोईवाड्यातल्या म्हाताऱ्या ठकूबाईने विचारलं, “बोटींचे दोर कशाला बांधणार?”

“घाटावरच्या लोखंडी खांबांना. तिथवर पाणी चढतच नाही, आजी.”

“मग तसं लिहून द्या.”

साहेबांनी ऐटीत लिहून सही केली.

“माझं घर त्या खांबांच्याही सात पायऱ्या वर आहे, साहेब. आमची रेघ चालली नाही, आता तुमची सही तरी चालवून घ्या.”

सुनावणी तहकूब झाली. नोटीस आल्यावर बांधून ठेवलेलं गाठोडं मात्र ठकूबाईने घरी जाऊनही सोडलं नाही.