रिकाम्या ड्रमचं वजन

फळबाजारातला कचरा उचलायचा ठेका तात्यासाहेब मगदुमांचा. कचरा त्यांनाच द्यायचा, नाहीतर बाजार समिती गाळ्याला टाळं ठोकणार, असा नियमच होता. यंदा तात्यासाहेबांनी दर सांगितला किलोला चार रुपये, आणि तोही ड्रमसकट वजन करून! बारा किलोचा लोखंडी ड्रम त्यांचा, आणि त्याच्या वजनाचे पैसे गाळेवाल्यांनी भरायचे? ज्यूस सेंटरवाल्या हौसाक्कांचे रोज तीन ड्रम भरायचे. या दरात त्यांना गाळाच बंद करावा लागला असता.

त्या विचारायला गेल्या, तर तात्यासाहेब गुरगुरले, "काट्यावर चढेल तो कचरा. परवडत नसेल तर गाळा सोडा की, अक्का!"

किती ही मग्रुरी!

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेब टेम्पोबरोबर स्वतः आले. तीन रिकामे ड्रम उतरताच हौसाक्कांनी ते आपल्या काट्यावर चढवले.

"छत्तीस किलो. एकशे चव्वेचाळीस रुपये द्या, तात्यासाहेब."

"कसले?"

"माझ्या दारात एवढा कचरा टाकताय, तो दिवसभर फुकट सांभाळू होय? दर तुमचाच लावलाय."

"डोकं फिरलंय का तुमचं? रिकामे ड्रम आहेत हे! यात कचरा कुठाय?" तात्यासाहेब एवढ्यानं ओरडले, की सगळा बाजार गोळा झाला.

"मग संध्याकाळी तुमच्या काट्यावर चढल्यावर यांचाच कचरा कसा होतो, तेवढं या सगळ्यांना सांगून जा."

त्या संध्याकाळी बाजारातल्या प्रत्येक ड्रममागे बारा किलो वजा करूनच वजन लिहिलं गेलं.