डिझेलचा डबा

“तुम्हीच सांगा बाबा, विश्वास ठेवायचा तरी कुणावर?”

शिवलिंगशेठ हत्तरगे दर्ग्याच्या पायरीवर मटकन बसले. खालच्या घाटरस्त्याच्या डांबरीकरणाचा ठेका त्यांचा, आणि डोकं पार उठलेलं.

हुसेनबाबा वाकळ शिवत होते. सुई थांबली नाही.

शेठनी गाऱ्हाणं मांडलं. मजुरांच्या हातांना भेगा, दंडांवर पुरळ, उन्हात गेलं की आग. डॉक्टर म्हणतो डांबर. डांबर पुरवणारा म्हणतो ऊन. मजूर म्हणतात देवीचा कोप. तीन मलमं झाली. रबरी हातमोजे आणले, तर आत घामानं हात शिजतात म्हणून लोकांनी ते बाभळीला टांगले. आणि आता तायव्वा, झारीनं डांबर शिंपणारी, टोळीतली सगळ्यात तयार बाई, भाकरी थापता येईना म्हणून गावी निघालेली. ती गेली की मागोमाग टोळी जाणार.

“बरं, मी हात आखडत नाही. धुवायला डिझेलचा अख्खा डबा मोकळा ठेवलाय. कुठला ठेकेदार ठेवतो?” शेठनी काखेतली वही थोपटली. “आणि ही आरोग्याची वही. दर सोमवारी भरतो. तपासायला येणारे साहेब खूष.”

धंद्यात मुरलेल्या माणसानं इथंच ओळखलं असतं. न विचारता पावत्या दाखवणाऱ्याचा माल उघडून बघावा.

“तुझ्या मनगटाला काय लागलंय?” बाबांनी विचारलं.

डांबर. येताना पिंपाला हात टेकला असणार.

“धुऊन घे. मग चहा पिऊ.”

लिंबाखाली तायव्वा गाठोडं घेऊन एसटीची वाट बघत बसली होती. बाबांनी तिलाच खालून रस्त्यावरचा डिझेलचा डबा आणायला सांगितलं. तिनं आणला, दोन्ही मनगटांत दाबून. बोटं मिटत नव्हती.

बाबांनी झाकण काढलं. वास आला.

शेठनी हात पुढे केला... आणि मागे घेतला.

“राहू द्या. गाडीत खोबरेल आहे. त्यानं निघतं.”

“डिझेलनं निघत नाही?”

“निघतं. पण कातडी...”

“कातडीचं काय, शेठ?” तायव्वा म्हणाली. “सांगा की.”

शेठ उठले. गाडीतली बाटली आणली, तायव्वापुढे धरली. तिनं नुसतं झाकणाकडे पाहिलं. तेव्हा कुठं शेठच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ते स्वतः फिरवून काढलं.

“उद्यापासून डब्यात तेल भरतो, बाबा. मग तर झालं?”

बाबांनी सुई वाकळेत खोचली.

“मला वाचता येत नाही. त्या वहीत हिच्या नावापुढं काय लिहिलंयस?”

शेठनी पान काढलं. बराच वेळ काढला.

“हात ठीक.”

“कुठं बसून लिहिलंस?”

“...गाडीत.”

खाली वळणावर एसटीचा भोंगा वाजला. तायव्वा गाठोड्याकडे गेली नाही, शेठकडे बघत उभी राहिली.

बाबांनी वाकळ बाजूला सारली आणि पायरीवर तिच्यासाठी जागा केली.

“इथं बस, शेठ, हिच्याजवळ. एवढा हिशेब खरा ठेव. आणि पहिलं नाव तुझं लिही, डिझेल नको म्हटलेल्या हाताचं.”