विळी, पाट आणि भोंगा

चिपळूणला एकट्या राहणाऱ्या द्वारकाकाकू भाजी चिरायला विळी घेऊन खाली बसल्या, की मुलाने बसवलेलं यंत्र भोंगा वाजवी आणि पुण्यात हेरंबला कळवी, 'घरात कोणीतरी पडलं!'

शेवटी हेरंबसाहेब गाडी घेऊन आलेच. "आई, यंत्र चुकत नाही. तू रोज पडतेस. बॅग भर, पुण्याला चल."

"भरते. आधी जेव." काकूंनी पाट मांडला.

हेरंब पाटावर बसला मात्र, भोंगा ठणाणा वाजू लागला. जेवण झालं, तरी साहेबांना काही उठवेना. काकूंनी हात देऊन उभं केलं.

"यंत्राचं खरंच आहे, बाळा. पण मी रोज पडते आणि माझी मी उठते. आता सांग, बॅग कोणाची भरू?"